हेडमास्तर आणि टॅक्सी

‘डेडपूल २’ मी पहिल्यांदा पाहिला तो २०१८ साली, इंदूरच्या एका थिएटरात, हिंदीत. डेडपूलला रणवीर सिंगचा आवाज होता आणि शिव्या बऱ्यापैकी आपल्या झाल्या होत्या. चित्रपटाच्या शेवटी अनाथालयाचा दुष्ट हेडमास्तर तावातावाने भाषण ठोकत पुढे येतो आणि कुठूनशी भरधाव आलेली टॅक्सी त्याला उडवते. थिएटरात शिट्ट्या झाल्या. मीही हसलो. नुसतं स्मित नव्हे. शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्याला धक्का लागेपर्यंत हसलो.

गेल्या दिवाळीत भाची आमच्याकडे राहायला आली होती. ती कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. एका रात्री तिने हाच चित्रपट घरी लावला, या वेळी इंग्रजीत. टॅक्सी आली, हेडमास्तर उडाला, मी पुन्हा हसलो. ती हसली नाही. चित्रपट थांबवून म्हणाली, “मामा, मला एक कळलं नाही. त्या मुलाने मारलं असतं तर तो राक्षस होणार होता. मग ड्रायव्हरने मारलं तर तो विनोद कसा?”

मी म्हणालो, “अगं, कॉमेडी आहे ती.” ती “बरं” म्हणाली आणि तिने चित्रपट पुढे सुरू केला. ते ‘बरं’ मला अजून पुरलं आहे. हा लेख त्या ‘बरं’ला दिलेलं उशिराचं उत्तर आहे.

आधी चित्रपटाविषयी. डेडपूल हे पात्र फेबियन निसिएझा आणि रॉब लायफेल्ड यांनी १९९१ साली मार्व्हलच्या एका कॉमिकमध्ये आणलं. त्याच्या जखमा आपोआप भरतात, त्यामुळे तो मरत नाही. आणि आपण एका गोष्टीतलं पात्र आहोत हे त्याला ठाऊक आहे, त्यामुळे तो सरळ प्रेक्षकांशीच बोलतो. २०१६च्या पहिल्या चित्रपटाने त्याला पडद्यावर स्थिर केलं. दुसरा भाग दिग्दर्शित केला डेव्हिड लीच यांनी, जे स्वतः स्टंटमन होते. मारामारीत कोणाचा हात कुठे आहे ते आपल्याला सतत दिसतं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. हल्ली बहुतेक सुपरहिरोपटांतल्या मारामाऱ्या म्हणजे मिक्सरमध्ये फिरणारी चटणी असते.

मला स्वतःला दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस वाटतो. पहिल्यात सूड आहे आणि चुरचुरीत तोंड आहे. दुसऱ्यात त्या तोंडाला खाण्यासाठी एक खरा घास दिला आहे. रसेल नावाचा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा हातातून आग फेकू शकतो. तो ज्या अनाथालयात वाढतो तिथे ‘सुधारणे’च्या नावाखाली मुलांचा छळ होतो. भविष्यातून केबल नावाचा एक सैनिक येतो. मोठेपणी रसेल त्याच्या बायकोला आणि मुलीला जाळून मारणार असतो, म्हणून केबल त्याला आत्ताच, मुलगा असतानाच, संपवायला आला आहे. त्याचं म्हणणं असं, की रसेलने आधी हेडमास्तरला मारलं, त्याची चटक लागली, आणि पुढचं सगळं त्यातून घडलं. डेडपूलचं म्हणणं एवढंच, की त्या पहिल्या खुनापर्यंत तरी थांब. मला त्याच्याशी बोलू दे.

विनोदाच्या वेष्टनात हा फार गंभीर प्रश्न आहे. जो गुन्हा अजून घडलेला नाही त्याची शिक्षा देता येते का? आणि ज्या मुलावर अन्याय झाला आहे, त्याच्या रागाचं काय करायचं? हा प्रश्न आपल्याकडेही परका नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर अतिगंभीर गुन्ह्यांसाठी प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याची वाट उघडली, ती किती मोठ्या वादानंतर, हे आपल्याला आठवत असेल. त्या वादाच्या मुळाशी हाच प्रश्न होता : या वयाचा माणूस ‘झालेला’ असतो, की ‘होत’ असतो? चित्रपट निःसंदिग्धपणे ‘होत असतो’ या बाजूला उभा राहतो. आपल्या शक्ती बंद करणारा पट्टा डेडपूल स्वतःच्या गळ्यात अडकवतो आणि केबलच्या गोळीसमोर जातो. मुलगा ते पाहतो आणि त्याचा हात थांबतो. भविष्य बदलतं. केबलजवळचं त्याच्या मुलीचं जळकं, रक्ताळलेलं टेडी बेअर स्वच्छ होतं. इथे माझ्या डोळ्यांत दोन्ही वेळा पाणी आलं, हे कबूल करतो.

आणि मग टॅक्सी येते.

भाचीचा प्रश्न किती अचूक होता ते आता मांडतो. चित्रपटाचा सिद्धान्त असा, की पहिला खून माणसाला बदलतो. म्हणून रसेलने तो करता कामा नये, हेडमास्तर कितीही नीच असला तरी. टॅक्सी चालवणारा डोपिंदर संपूर्ण चित्रपटभर एकच स्वप्न सांगत असतो : मला भाडोत्री मारेकरी व्हायचंय. म्हणजे सिद्धान्ताप्रमाणे पाहिलं तर ज्या उंबरठ्यावरून रसेलला मागे ओढलं, तोच उंबरठा दोन मिनिटांनी डोपिंदर ओलांडतो. त्याच्या घरी भविष्यातून कोणी केबल येत नाही. त्याच्यासाठी कोणी गळ्यात पट्टा अडकवत नाही. चित्रपट त्याला पश्चात्तापाचा एक क्षणही देत नाही, कारण त्याला आतला माणूस आहे असं चित्रपटाला वाटतच नाही.

इथे कोणी म्हणेल, आणि मीही तेच म्हणालो होतो, की कॉमेडीत असले हिशेब मांडायचे नसतात. हा बचाव पोरकट नाही. त्याच्यामागे मोठी परंपरा आहे. अॅरिस्टॉटलने हास्यास्पद कशाला म्हणावं हे सांगताना अट घातली होती : ज्यातून वेदना होत नाही, नाश होत नाही, अशी चूक किंवा कुरूपता. १९००मध्ये बर्गसाँने हसण्यावर पुस्तक लिहिलं, त्यात हसताना हृदय क्षणभर बधिर व्हावं लागतं असा विचार आहे. केळीच्या सालीवरून घसरणाऱ्याच्या कंबरेचा विचार केला, की हसू गेलं. त्या अर्थाने टॅक्सीखाली आलेला हेडमास्तर हा माणूस नाहीच, ती केळीची साल आहे. दातांच्या डॉक्टरने भूल द्यावी तसं विनोद आपल्याला भूल देतो. भुलेत काय झालं याचा जाब कोणाला विचारायचा?

पण भूल सगळीकडे सारखी दिलेली असती, तर हा बचाव टिकला असता. या चित्रपटात ती फार निवडून दिलेली आहे. सुरुवातीलाच डेडपूल देशोदेशी फिरून गुंडांना कापत जातो आणि आपण हसत जातो. त्यातला एक निसटतो, त्याच्या घरी येतो, आणि त्याची प्रेयसी व्हेनेसा मरते. इथे चित्रपट भूल उतरवतो. ती मेली आहे, खरोखर मेली आहे, आणि पुढचा सगळा चित्रपट त्या दुःखावर उभा आहे. नंतर डेडपूल एक चमू जमवतो. पॅराशूटने उड्या मारताना त्यातले जवळजवळ सगळे एकामागून एक चित्रविचित्र मरणाने मरतात, आणि तो चित्रपटातला सगळ्यात मोठा हशा आहे. शेवटी कालयंत्र हाती लागल्यावर डेडपूल कोणाला वाचवतो? व्हेनेसाला, आणि चमूतल्या पीटरला. पीटर हा कुठलीही शक्ती नसलेला, मिशीवाला, साधा गृहस्थ. तो प्रेक्षकांना आवडला आहे. बाकीचे मेलेलेच राहतात. कालयंत्र असूनही. हाही विनोदच आहे, आणि मी त्यालाही हसलो आहे. पण त्यातून दिसतं ते हे, की कोणाचं मरण दुःख आणि कोणाचं मरण गंमत हे चित्रपट ठरवतो, आणि ठरवण्याचा निकष नैतिक नाही. निकष एवढाच : हा माणूस आपल्या जवळचा आहे की नाही?

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात रसांच्या उत्पत्तीविषयी एक मांडणी आहे, जी मला इथे बर्गसाँपेक्षा उपयोगी पडली. चार रस मूळचे आणि चार त्यांच्यापासून निघालेले. शृंगारातून हास्य निघतं, वीरातून अद्भुत, बीभत्सातून भयानक. आणि रौद्राचं जे कर्म, त्याचं फळ म्हणजे करुण. ही नुसती वर्गवारी नाही, यात एक शहाणपण आहे. क्रोधाने जे केलं, त्याच्या मागे शोक उरतो. तलवार चालली की कोणीतरी रडणार, हा नाट्याचा जणू नैसर्गिक नियम. अॅक्शन कॉमेडी हा प्रकार नेमका हा दुवा तोडतो. रौद्राची वाहिनी करुणाकडे जाऊ न देता ती परस्पर हास्याला जोडतो. घर जळतंय, पण रडण्याचा आवाज येत नाही, बॅण्ड वाजतोय.

हे लक्षात आल्यावर मला ‘डेडपूल २’चं वेगळेपण अधिक स्पष्ट झालं. त्याच्या तऱ्हेच्या बहुतेक चित्रपटांत तो दुवा पूर्ण तुटलेला असतो. इथे तो दोन ठिकाणी शाबूत आहे : व्हेनेसाचं मरण आणि रसेलचा राग. म्हणून तर चित्रपट हलवतो. आणि म्हणूनच टॅक्सी खटकते. जो सतत थापा मारतो त्याच्या थापेने फसवल्यासारखं वाटत नाही. ज्याने नुकतंच खरं बोलून दाखवलं, त्याच्या थापेने वाटतं.

आता डोपिंदर. करण सोनी या दिल्लीत जन्मलेल्या अभिनेत्याने त्याला फार गोड रंगवलं आहे, त्यामुळे त्याच्याविषयी वाईट बोलणं जिवावर येतं. तक्रार त्याच्याविषयी नाहीच. तक्रार त्याच्यावर टाकलेल्या कामाविषयी आहे. गोष्टीला हेडमास्तर मेलेला हवा आहे, कारण प्रेक्षकांना तो मेलेला हवा आहे. पण मुलाने मारला तर गोष्टीचा उपदेश मोडतो. नायकाने मारला तर नुकतंच केलेलं बलिदान मातीत जातं. मग उरतं कोण? स्थलांतरित भारतीय टॅक्सीवाला. त्याचे हात बरबटले तरी कोणाचं काही बिघडत नाही. नायक स्वच्छ, मुलगा स्वच्छ, प्रेक्षक समाधानी.

मी चाळीसएक वर्षं नोकरीधंद्याच्या जगात काढली आहेत. ही व्यवस्था मला ओळखीची वाटली. साहेबांना कोणाला तरी काढायचं असतं, पण पत्रावर सही हाताखालच्याची असते. घरमालक गोड बोलतो, सामान रस्त्यावर फेकायला दुसरीच माणसं येतात. ‘मी नाही हो, ते परस्पर झालं’ हे वाक्य आपल्याकडे किती घरांत, किती कचेऱ्यांत बोललं जात असेल! आपल्याला एखादं वाईट घडून हवं असतं आणि ते आपल्या हातून घडायला नको असतं. तेव्हा आपण एक डोपिंदर शोधतो. इंदूरच्या त्या थिएटरात आम्ही सगळे भारतीय एका भारतीय ड्रायव्हरवर खूश होऊन शिट्ट्या मारत होतो, कारण गोऱ्या नायकाला जड गेलेलं काम त्याने उरकलं होतं. त्या वेळी मला त्यात काहीच चमत्कारिक वाटलं नव्हतं.

चित्रपटात याच्याच शेजारी एक उत्तर पडलेलं आहे, पण त्याच्याकडे कोणी पाहत नाही. डॉमिनो नावाच्या नायिकेची शक्ती म्हणजे नशीब. गोळ्या तिला चुकवतात, कोसळणारी गाडी तिच्याशिवाय सगळ्यांना लागते. शेवटी कळतं की तीही त्याच अनाथालयात वाढली आहे. तेच हेडमास्तर, त्याच भिंती. ती आगलावी झाली नाही. का? ती अधिक चांगली होती म्हणून, की तिचं नशीब बरं होतं म्हणून? १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी ‘नैतिक नशीब’ या कल्पनेवर लिहिलं. आपण माणसाला त्याच्या हातात असलेल्या गोष्टींसाठीच जबाबदार धरतो असं म्हणतो. पण प्रत्यक्षात त्याचा स्वभाव कसा घडला, त्याच्यासमोर कोणता प्रसंग आला, त्याने केलेल्याचा परिणाम काय झाला, यातलं बरंचसं त्याच्या हातात नसतंच. रसेलसमोर योग्य क्षणी डेडपूल आला. डोपिंदरसमोर आला नाही; उलट त्याच्यासमोर आला तो डेडपूलच, पण पहिल्या चित्रपटात प्रतिस्पर्ध्याचा काटा काढण्याचं उत्तेजन देणारा. एकाच माणसाने एकाला वाचवलं आणि दुसऱ्याला घडवलं. भाची म्हणाली, “म्हणजे तोही होत होता, झालेला नव्हता.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इथपर्यंत सगळं दुसऱ्यांविषयी लिहिलं. आता त्या हसण्याविषयी लिहिणं भाग आहे, कारण ते माझं होतं.

आठवी ते दहावी मी एका तालुक्याच्या गावी वसतिगृहात काढली. तिथले रेक्टर मारत. त्या काळी सगळेच मारत, असं म्हणून मी कित्येक वर्षं ते झाकत आलो. पण ते तसं नव्हतं. ते निवडून मारत. ज्या मुलांना भेटायला घरून कोणी येत नसे, त्यांना. थंडीत पहाटे चार वाजता हौदाशी उभं करून अंगावर पाणी ओतत आणि मग ओल्या अंगावर छडी. मला घरून दर महिन्याला वडील भेटायला येत, त्यामुळे माझ्या वाट्याला त्यातलं थोडंच आलं. माझं नैतिक नशीब म्हणा. माझ्या पलीकडच्या खाटेवरच्या मुलाला आई नव्हती, बाप ऊसतोडीला जाई. त्याच्या वाट्याला सगळं आलं. आम्ही बाकीचे पांघरुणातून डोकं बाहेर न काढता ऐकत असू. रेक्टर मरावेत, गाडीखाली यावेत, अशी प्रार्थना मी केलेली आहे. अगदी हात जोडून, देवासमोर.

टॅक्सी आली तेव्हा मी इतक्या जोरात का हसलो, हे मला त्या दिवाळीत, भाची झोपायला गेल्यावर कळलं. ती माझी प्रार्थना होती. पस्तीस-चाळीस वर्षांनी पोचली होती.

रेक्टर दोन वर्षांपूर्वी गेले. गाडीखाली नाही, अंथरुणावर, नव्वदीच्या जवळ. आमच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बातमी आली. पहिल्या दोघांनी हात जोडले. तिसऱ्याने लिहिलं, ‘वर हौद आहे का बघा.’ त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यात एक माझा होता. दोन दिवसांनी त्याच ग्रुपवर कोणीतरी अंत्ययात्रेचा फोटो टाकला. तुरळक माणसं, आणि त्यांत पलीकडच्या खाटेवरचा तो. आता तो त्याच तालुक्यात शिक्षक आहे. मी त्याला फोन केला. का गेलास, असं विचारायची हिंमत नव्हती. इकडचं तिकडचं बोललो. त्यानेच सांगितलं. “बघायला गेलो होतो रे. इतकासा झाला होता.” मग थोडं थांबून म्हणाला, “मी विनोद वाचला तुमचा. तुम्हाला कशाचं हसू आलं?”

तो रागावून विचारत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. ज्याला हसण्याचा सगळ्यांत जास्त हक्क होता तो हसला नव्हता, आणि ज्यांनी पांघरुणं ओढून घेतली होती ते हसत होते. त्याने माफ केलं का? मला ठाऊक नाही, त्याने तसं म्हटलं नाही. पण त्याने रेक्टरना माणूस म्हणून बघितलं, मेलेला, इतकासा झालेला माणूस. आणि माझ्या हसण्याचा नीट विचार केला तर तो हेडमास्तरच्या विरोधात कमी होता, पांघरुणाच्या बाजूने जास्त होता. खलनायक गाडीखाली गेला की प्रकरण मिटतं. मग त्या रात्री बाकीचे काय करत होते हे कोणी विचारत नाही.

म्हणून भाचीला माझं उत्तर असं. विनोदात हिशेब मांडू नये हे खरं नाही. हसून झाल्यावर मांडावा. हसू फुटतं तेव्हा आपल्याला विचारून फुटत नाही, त्यामुळे त्याबद्दल स्वतःला दोष देण्यात अर्थ नाही. पण ते कोणावर फुटलं आणि कोणावर फुटलं नाही, याची यादी केली तर आपण कोणाला माणसांत मोजतो ते त्यात लिहिलेलं सापडतं. स्वतःबद्दलची इतकी प्रामाणिक माहिती आपल्याला दुसरीकडे क्वचितच मिळते. गंभीर बोलताना आपण सावध असतो, हसताना नसतो.

आणि चित्रपट? मी त्याला अजूनही चांगलाच म्हणेन. त्याने एका रागावलेल्या मुलाच्या बाजूने उभं राहून दाखवलं, आणि ‘थांब, तो अजून होतोय’ हे वाक्य इतक्या शिव्यांच्या गर्दीत जपून आणलं. ते त्याला शेवटच्या पाच मिनिटांत टिकवता आलं नाही. कारण आम्ही, तिकीट काढून बसलेले, टॅक्सीची वाट पाहत होतो. दोष वाटून घ्यावा लागेल. पण मी दुसऱ्यांदा पाहताना केबलचं टेडी बेअर स्वच्छ होतं तिथे चित्रपट संपला असं मनाशी धरतो.

शिक्षक झालेल्या त्या मित्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही. हा लेख छापून आला की त्याला पाठवीन. त्याने हा चित्रपट पाहिलेला नाही. पाहिला तर तो टॅक्सीला हसेल का, याची मला उत्सुकता आहे, आणि थोडी भीतीही.